शब्दचर्चा : सफरमैना

खानापूरहून : आमचे आजोबा खडकीला पलटणीत होते. गावात अजून आमच्या घराला 'सफरमैनावाल्यांचं घर' म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, सफर म्हणजे प्रवास आणि मैना म्हणजे पाखरू. मूळ काय असेल?

शहापूर, बेळगाव : पाखराचा संबंध नाही. 'सॅपर्स अँड मायनर्स' हे पलटणीचं नाव हिंदुस्तानी शिपायांच्या तोंडी 'सफरमैना' झालं. सॅपरच्या मुळाशी कुदळ आहे. इटालियनमध्ये कुदळीला 'झाप्पा' म्हणतात, त्यावरून फ्रेंचांनी चर खणण्याला 'साप' म्हटलं. वेढा पडला की चर खणत तटापर्यंत सरकायचं आणि तटाखाली सुरुंग न्यायचा, हे यांचं काम. आपल्या किल्ल्याचा खंदक बघितला की कळतं ते किती जिवावरचं असेल.

निपाणी : खरं सुरुंग 'नेतात' कसा? आमच्याकडं खाणीत सुरुंग लावतात, उडवतात.

शहापूर : इथंच गंमत आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातली 'सुरुंगा' म्हणजे भुयार. ग्रीक 'सिरिंक्स', म्हणजे पोकळ नळी, पावा, त्यावरून हा शब्द आला असं बरेच अभ्यासक मानतात. हिंदीत 'सुरंग' अजून भुयारच. पुढं त्या भुयारात दारू ठासू लागले आणि भुयाराचं नाव स्फोटाला चिकटलं. मराठीनं भुयाराला 'बोगदा' धरला, सुरुंग दारूसाठी ठेवला. इंग्रजी 'माइन'चंही असंच झालं : आधी खाण, मग भूसुरुंग. दोन भाषांत एकाच कामामुळं अर्थ सारखाच सरकला, हे मला फार मोलाचं वाटतं.

निपाणी : आणि यांच्या शाळेला काय म्हणायचं? अभियांत्रिकी प्रबोधिनी?

शहापूर : नको. 'प्रबोधिनी' खडकवासल्याची, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. दापोडीचं ते 'लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय', बोलण्यात सीएमई. 1943 साली रुडकीला सुरू झालं तेव्हा नावात 'स्कूल' होतं. 1948 मध्ये दापोडीला आलं.

कारवारहून : त्याच 1948 च्या एप्रिलात आमच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे नौशेरा-राजौरी वाटेवरचे भूसुरुंग काढत होते. बॉम्बे सॅपर्सचे. हयातीत परमवीर चक्र मिळालेले पहिले तेच. म्हणून सफरमैनाच्या अर्थात 'सुरुंग लावणारा' एवढंच लिहू नका, 'सुरुंग काढणारा, वाट करून देणारा' हेही लिहा.

खानापूरहून : लिहितो. आजोबाही 'आम्ही रस्ता करणारे' असंच सांगायचे.