रि: रि: रि: बॅनर – दुकानाची '१० टक्के सूट' ओळ ठेवायची का? (फाइल आज रात्री जायचीये)

प्रेषक: मंदार

मंडळी, प्रिंटरने रात्री दहापर्यंत फाइल मागितलीये, नाहीतर शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमाला बॅनर मिळत नाही. बाकी सगळं फायनल आहे, फक्त आपल्या स्पॉन्सरची, इथल्या न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडच्या दुकानाची ओळ अडकलीये. त्यांचा मजकूर असा आहे, लोगो, पत्ता, फोन आणि खाली ठळक 'या बॅनरचा फोटो दाखवा, किराण्यावर १० टक्के सूट मिळवा'. स्नेहा म्हणते शेवटची ओळ नको. दुकानाचे मालक शेठ म्हणतात ओळ नसेल तर स्पॉन्सरशिपचे पंधराशे डॉलर कशाला देऊ. मागच्या वर्षी स्टेजवर झालं तसं पुन्हा नकोय. कृपया फक्त हो किंवा नाही कळवा.

प्रेषक: स्नेहा

नाही.

आणि का ते लिहिते, नाहीतर परत माझ्या नावाने खडे फोडाल. आपण ५०१ सी ३, म्हणजे करमाफी असलेली ना-नफा संस्था आहोत. स्पॉन्सरचे आभार मानताना नाव, लोगो, पत्ता, फोन, वेबसाइट, त्यांचं नेहमीचं घोषवाक्य, सगळं चालतं. किंमत आली, सूट आली, 'या आणि घ्या' आलं की ती जाहिरात. आणि एकाच मजकुरात आभार पण आणि जाहिरात पण असेल तर आयआरएस (इथलं करखातं) अख्खा मजकूर जाहिरात धरते, म्हणजे एका ओळीपायी सगळे पंधराशे धंद्याच्या करपात्र उत्पन्नात जातात. असं ढोबळ उत्पन्न वर्षाला १,००० डॉलर झालं की ९९०-टी हा कराचा फॉर्म भरावा लागतो. तो कोण भरणार? मीच.

प्रेषक: सुहास काका

स्नेहा, मी आठ वर्षं खजिना सांभाळलाय त्यामुळे थोडं बोलतो. तू सांगतेस तो नियम बरोबर पण अर्धाच. जे काम जवळपास सगळं बिनपगारी स्वयंसेवक करतात त्याचं उत्पन्न त्या करात धरतच नाहीत, आणि वर्षातून एकदाच होणारी गोष्ट 'नियमित धंदा' म्हणता येत नाही. आपल्याकडे पगारी कोण आहे? हॉलचा वॉचमन सोडला तर कोणी नाही. माझ्या काळात साडीवाल्यांची, सोनारांची किती बॅनरं लागली, काही झालं नाही.

प्रेषक: अण्णा

स्टेजवरच्या प्रकाराबद्दल मंदारने उल्लेख केला म्हणून सांगतो, तेव्हा माइक माझ्या हातात नव्हता. ज्यांच्या हातात होता त्यांनी स्पॉन्सरचं नाव चुकीचं घेतलं आणि आरती थांबवून ते दुरुस्त करायला लावलं. आरती थांबवतात का कधी?

प्रेषक: स्नेहा

काका, मान्य, पण आपण वर्षातून एकदाच करत नाही ना. दिवाळी अंकात जाहिराती, वेबसाइटवर बारा महिने रिअल इस्टेटवाल्यांची पट्टी, संक्रांतीला परत बॅनर. दिवाळी अंकाचं लेआउट तर आपण पैसे देऊन करून घेतो. 'एकदाच' आणि 'बिनपगारी' दोन्ही कोणाला समजावत बसायची माझी तयारी नाही. तुमच्या काळात कोणी विचारलं नाही याचा अर्थ कोणी विचारणार नाही असा होत नाही.

मुळात शेठना करासाठी देणगीच्या पावतीची काळजी असेल, तर ती नसावी. दुकानाचं नाव चार लोकांपुढे येतंय, तर ते पैसे त्यांना धंद्याचा प्रसिद्धीखर्च म्हणून दाखवता येतात, देणगीची पावती लागतच नाही. हे त्यांच्या सीपीएने (म्हणजे इथल्या सीएने) एका मिनिटात सांगितलं असतं.

प्रेषक: प्रमोद

मी नवीन आहे ग्रुपवर. भारतात कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजासाठी द्यावेच लागतात. तसं ओक ट्री रोडच्या सगळ्या दुकानांना लेखी मागितलं तर? एवढा धंदा करतात आपल्या जिवावर.

प्रेषक: सुहास काका

प्रमोदराव, स्वागत. तो २०१३ चा कंपनी कायदा, कलम १३५. त्यातही सगळ्या कंपन्या येत नाहीत, नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीतरी लागतं. मसाल्याचं दुकान त्यात बसत नाही, आणि न्यू जर्सीत तर तो कायदाच नाही. इथे मागावं लागतं आणि गोड बोलावं लागतं.

प्रेषक: अण्णा

२ टक्क्यांचा कायदा आत्ताचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळरानावर कारखान्याबरोबर किर्लोस्करवाडी वसवली तेव्हा कोणी टक्केवारी सांगायला आलं नव्हतं. आमचं गाव तिथून जवळ, वडील सायकलने जायचे. पूर्वी ज्यांच्याकडे होतं ते गावासाठी करायचे. आता सुटीच्या कुपनावर गाडी आलीये.

प्रेषक: केतकी

मंदार, घड्याळाकडे लक्ष आहे माझं, पण दोन मिनिटं.

शेठना १० टक्के सूट द्यायचीच आहे ना? मग ती गिऱ्हाइकाला न देता फूड बँकेला, म्हणजे गरजूंना फुकट धान्य पुरवणाऱ्या संस्थेला, द्यायला सांगू. दुकानात काउंटरपाशी एक पिंप ठेवायचं. गिऱ्हाइकाने तांदळाची किंवा डाळीची एक पिशवी विकत घेऊन त्यात टाकली की दुकान आपल्याकडून तशीच एक टाकणार. महिनाभर. पिंप आम्ही हिलसाइडला कम्युनिटी फूडबँक ऑफ न्यू जर्सीत पोचवू. शेठना वेगळी रोकड काढायला नको, माल त्यांच्याकडे पडलेलाच असतो आणि तो त्यांना घाऊक भावात पडतो. पिंपावर दुकानाचं नाव कितीही मोठं लिहू देत, दुकान त्यांचं, पिंप त्यांचं, मंडळाच्या कागदपत्रांशी संबंध नाही. आणि बॅनरवर फक्त लोगो आणि 'यांचे आभार'.

मी मागे शाळेसाठी असंच केलं होतं, दुकानदाराला दारातल्या पिंपामुळे येणारी माणसं दिसली की तो परत बोलावतो. पैसे मागायला गेलं की मालक नेमका जेवायला गेलेला असतो.

प्रेषक: विद्याताई

केतकी छान सुचवलंस. मग आपला उरलेला महाप्रसाद पण तिकडेच देऊ या ना. दर वर्षी मसालेभात आणि वरण उरतं, शेवटी मीच डबे भरून वाटत बसते, आणि काही लोक (नाव घेत नाही) दोन दोन ट्रे घेऊन जातात.

प्रेषक: केतकी

ताई, फूड बँका घरी शिजवलेलं घेत नाहीत. दुकानात मोकळ्या गोणीतून भरलेली डाळसुद्धा नको, सीलबंद पाकीट, त्यावर इंग्रजीत लेबल, तारीख उलटलेली नसावी. काचेच्या बरण्या टाळायच्या, म्हणजे लोणचं नाही. आपल्या लोकांना हे आधी सांगावं लागेल, मागच्या खेपेला पिंपात कोणीतरी घरची भाजणी टाकली होती.

रेस्टॉरंटची गोष्ट वेगळी. त्यांचं किचन परवान्याचं असतं, ते उरलेलं चांगलं अन्न एखाद्या ना-नफा संस्थेला नेऊन देऊ शकतात. खटल्याची भीती सांगतात ती फुकाची, १९९६ पासून बिल इमर्सन कायदा आहे, चांगल्या हेतूने दिलेल्या अन्नासाठी घोर निष्काळजीपणा नसेल तर देणाऱ्याला जबाबदार धरत नाहीत. आपल्या केटररला हे कोणीतरी सांगा, तो कायम वकिलाचं नाव पुढे करतो.

प्रेषक: विद्याताई

भाजणी सीलबंदच होती. डबल झिपलॉक.

प्रेषक: प्रमोद

त्यापेक्षा शेठकडून सोन्याचं नाणं घ्या आणि लकी ड्रॉ ठेवा, पाच डॉलरचं तिकीट. आमच्या सोसायटीत पुण्याला दर वर्षी करायचे.

प्रेषक: सुहास काका

इथे तिकीट विकून सोडत म्हणजे रॅफल, त्याला राज्याच्या कमिशनचा नोंदणी नंबर आणि टाउनशिपचं लायसन्स लागतं. शनिवारपर्यंत काही मिळत नाही. विषय बंद.

आणि केतकी, पिंपाची कल्पना ठीक, पण हॉलच्या भाड्याचं काय? पंधराशे तांदळात गेले तर भाडं कुठून? फूड बँक जेवली आणि मंडळ उपाशी.

प्रेषक: स्नेहा

काका, भाड्याचं मी बघते. या लिस्टवरचे निम्मे लोक ज्या मोठ्या कंपन्यांत आहेत तिथे मॅचिंग आहे. तुम्ही मंडळाला शंभर दिले की कंपनी शंभर देते. काही कंपन्या तर स्वयंसेवेच्या तासांवरही पैसे देतात, म्हणजे खुर्च्या लावल्याचे, भाजी चिरल्याचे. फक्त फॉर्म तुम्हाला स्वतःला भरावा लागतो, कंपनीच्या पोर्टलवर, आणि बहुतेकांची मुदत वर्षअखेरीला संपते. मागच्या वर्षी किती जणांनी भरला ते मी लिहित नाही, लाज वाटेल. एका दुकानदाराच्या पंधराशेसाठी आपण रात्र जागवतोय आणि स्वतःच्या कंपनीचे पडून आहेत ते कोणी उचलत नाही.

२५० आणि त्यावरच्या देणगीला मी लेखी पोच देते, तीच पोर्टलवर चढवा. आणि ज्या ज्या प्रोफेशनल मंडळींना आपल्या फुकट तासांची पावती हवी असते त्यांच्यासाठी परत एकदा, वेळेची वजावट मिळत नाही, पार्किंग वगैरे खिशातून केलेल्या खर्चाची मिळू शकते. सीपीएंना समाजासाठी तास द्यायचेच असतील तर आयआरएसचा व्हीआयटीए कार्यक्रम आहे, कमी उत्पन्नवाल्यांचे रिटर्न फुकट भरून देतात, टॅक्स सीझनमध्ये त्यांना माणसं हवीच असतात.

प्रेषक: मंदार

नऊ वाजून चाळीस. शेठशी आत्ता बोललो. पिंप आवडलं त्यांना, पण महिनाभर नाही, दसऱ्यापर्यंत, आणि जास्तीत जास्त शंभर पिशव्या ते टाकणार. पंधराशेऐवजी सातशे देतो म्हणाले, बॅनरवर लोगो, पत्ता, फोन, सुटीची ओळ नाही. पण एक अट घातलीये, हॉलमध्ये चिवडा आणि शेव फक्त त्यांचीच विकायची, दुसऱ्या कोणाची नाही.

प्रेषक: स्नेहा

लोगो ओके, फाइल पाठव. चिवड्याची अट नको. 'मुख्य स्पॉन्सर' म्हणा हवं तर, पण दुसऱ्याचा माल विकायचाच नाही असं कबूल केलं की त्याची किंमत स्पॉन्सरशिपमधून वजा होते आणि आपण परत तिथेच येतो. त्यांना टेबल देऊ, नमुने वाटू देत, त्याला हरकत नाही.

प्रेषक: विद्याताई

चिवडा आमचा महिला गट करतो, ठरलंय ते. शेठनी शेव आणावी.

प्रेषक: मंदार

फाइल गेली. शेवेचं उद्या बघू. पिंप उचलायला शुक्रवारी मिनीव्हॅन कोणाची?

प्रेषक: अण्णा

माझी आहे पण मागची सीट निघत नाही. आणि मंदार, बॅनरवर या वर्षी तरी श्रींचा फोटो स्पॉन्सरच्या लोगोपेक्षा मोठा आहे ना?