काल्पनिक खंडाचा नकाशा: घाट काढले, पण पाऊस कुठून आणायचा?

खारघर_हेक्स (प्रश्न)

मंडळी, वाशीत दर रविवारी जमणाऱ्या आमच्या रोल-प्लेइंग गटासाठी एका खंडाचा नकाशा करतोय. ए२ कागद आडवा, उंची ४२ सेंमी, त्यात ३८ ते ५२ अंश उत्तर अक्षवृत्तं बसवली आहेत. पश्चिमेला समुद्र, किनारपट्टी, मग उत्तर-दक्षिण घाट (सर्वांत उंच शिखर २२०० मीटर, माथ्यावर बारमाही बर्फ), पलीकडे पठार आणि वाळूचं वाळवंट. किनाऱ्यावर आपल्यासारखाच जून ते सप्टेंबर पाऊस. पठारावरच्या सरोवरातून दोन नद्या निघतात. एक पूर्वेला जाते, दुसरी घाट फोडून पश्चिमेला येते आणि मध्येच दुभंगून दोन बंदरांपाशी समुद्राला मिळते. गटातला एक जण म्हणतो यातलं निम्मं अशक्य आहे. कोणतं निम्मं?

वाऱ्याची_वरात

घाट आणि पर्जन्यछाया (डोंगरापलीकडची कोरडी बाजू) ठीक आहेत, चुकलंय ते पावसाचं वेळापत्रक. ४५ अंशांवर पश्चिमी वाऱ्यांचं राज्य. हिवाळ्यात तिथली वादळं जोर धरतात आणि दक्षिणेकडे सरकतात. म्हणजे तुमच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि ४२ अंशांच्या खाली तर जून-जुलै जवळपास कोरडे. पृथ्वीवर याला जोड शोधायची तर दक्षिण चिली बघा: वाल्दिव्हियात वर्षाला २००० मिमीच्या आसपास पाऊस, तोही तिथल्या हिवाळ्यात जास्त, आणि अँडीज ओलांडली की पॅटागोनियाचं रखरखीत पठार.

मान्सूनच हवा असेल तर अख्खा नकाशा ८ ते २२ अंशांवर उतरवा. अक्षवृत्तांमधला एक अंश सगळीकडे सुमारे १११ किमी असतो, त्यामुळे उभं प्रमाण तेच राहतं: १४ अंश म्हणजे साधारण १५५० किमी, १ सेंमीला ३७ किमी. पण नुसतं उतरवून भागत नाही. कागदाबाहेर काय आहे ते आधी ठरवा. उत्तरेला ३०-३५ अंशांपर्यंत तरी सलग जमीन हवी, उन्हाळ्यात तापायला. दक्षिणेला विषुववृत्तापलीकडे पसरलेला उबदार समुद्र हवा. तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडल्यावर उजवीकडे वळतात, म्हणून ते नैर्ऋत्येकडून येतात. २२ अंशांच्या वर लगेच समुद्र दाखवलात तर वाऱ्यांना ओढणारं काही उरत नाही, मान्सून नावापुरता राहील. खंड दक्षिण गोलार्धात नेलात तर हेच वारे डावीकडे वळून वायव्येकडून येतात, उत्तर ऑस्ट्रेलियात येतात तसे. मग घाटांची ओली बाजू त्याप्रमाणे तपासा.

मात्र बर्फ सोडावा लागेल. दर १००० मीटरला तापमान सुमारे ६.५ अंशांनी उतरतं. समुद्रसपाटीला वार्षिक सरासरी २७ धरली तर २२०० मीटरवर सुमारे १३ उरतं. त्या उंचीवर दाट धुकं, शेवाळ आणि खुरटी झाडं काढा. कायमचा बर्फ १५ अंशांवर जवळपास ५००० मीटरला सुरू होतो. उलट मूळ जागी, ४८ अंशांच्या आसपास, भरपूर हिमवर्षाव होणाऱ्या पश्चिम किनाऱ्यालगत २२०० मीटरवर हिमनद्या शोभतात. तेव्हा जूनचा पाऊस की बर्फ, एक निवडा.

आणि कृपा करून वाऱ्यांचे बाण वर्षभरासाठी एकदाच काढू नका. दोन ट्रेसिंग पेपर घ्या, एक जानेवारीचा, एक जुलैचा. दोन्हींवर आधी अक्षवृत्तं, मग वारे, मग सागरी प्रवाह, डोंगर शेवटी. बाण डोंगराला काटकोनात आदळतो तिथे जास्त पावसाचा गडद निळा, समांतर जातो तिथे कमी पावसाचा फिका. रंग भरायला सुरुवात याच्यानंतर. बहुतेक जण जंगलं आधी रंगवतात आणि मग वारे त्यांच्या सोयीने वळवतात.

भरती_ओहोटी

नद्यांचं बोलतो. सरोवराला दोन तोंडं टिकत नाहीत. जे तोंड जरा खोल असेल तिथून जास्त पाणी जातं, ते आणखी खोल कापलं जातं आणि दुसरं कोरडं पडतं. नदी दुभंगते ती मुखाजवळ, त्रिभुज प्रदेशात, जिथे उतार संपून गाळ साचतो. ‘मध्येच’ नाही.

घाट फोडून येणं मात्र शक्य आहे, नदी डोंगराहून जुनी असेल तर. सिंधू आणि ब्रह्मपुत्रा हिमालय कापूनच येतात. तसं दाखवायचं असेल तर अरुंद, खोल घळ काढा, रुंद दरी नको. पण किनाऱ्याला लागून कडा असलेल्या खंडात नेहमीचं चित्र वेगळं असतं. त्र्यंबकेश्वरहून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८० किमी, तरी गोदावरी १४६५ किमी चालून बंगालच्या उपसागराला मिळते. मोठी नदी समुद्राकडे पाठ करून निघते, आणि कोकणाच्या बाजूला आखूड, उतरत्या नद्यांची ओळ लागते.

कळवा_फाटक

मग आपली उल्हास? ठाण्याजवळ तिचे दोन फाटे होतातच की, एक वसईकडे, एक ठाण्याच्या खाडीत.

भरती_ओहोटी

शंका रास्त आहे, नकाशात दिसतं तसंच. पण ठाण्याची खाडी नदीने कापलेली शाखा नव्हे, ती समुद्राची आत आलेली जीभ आहे. वरच्या टोकाला चिंचोळ्या वाटेने ती उल्हासच्या मुखखाडीला जोडली जाते आणि साष्टीचं बेट होतं. पाणी खारं, भरतीला आत, ओहोटीला बाहेर, काठाला तिवरं. तुमच्या दोन बंदरांसाठी हीच युक्ती वापरा: नदी एकच, किनाऱ्याजवळची सखल जमीन समुद्रात बुडालेली, मध्ये एक डोंगराळ बेट, आणि बेटाच्या दोन बाजूंना दोन खाड्या. बंदर अगदी तोंडावर नको, भरतीचं पाणी जिथवर होड्या नेतं तिथे हवं, जुनं कल्याण होतं तसं. मग घाटाखाली मुक्कामाचं गाव, माथ्यावर जकात, वर बाजारपेठ. कल्याण, नाणेघाट, जुन्नर हा रस्ता समोर ठेवलात तर गावांच्या जागा आपोआप सुचतील.

खारघर_हेक्स

जून ठेवतो, बर्फ गेला. किनाऱ्यापासून घाटमाथा ३ सेंमीवर आहे, चालेल ना? आणि वाळवंट?

वाऱ्याची_वरात

३ सेंमी म्हणजे ११० किमी. चालेल, पण कोकण साधारण ५० ते ८० किमीच रुंद आहे. दीड-दोन सेंमी केलंत तर कडा अंगावर आल्यासारखा दिसेल. पावसाची घट कड्यापलीकडे लगेच दाखवा. महाबळेश्वरला ५००० मिमीच्या वर, पुण्यात ७०० च्या आसपास. तुमच्या कागदावर हा फरक दोन-तीन सेंमीत उरकतो.

वाळूचं वाळवंट मात्र घाटामागे ठेवू नका. १५ अंशांवरच्या पर्जन्यछायेत माण-सांगोल्यासारखा मुलूख होतो: ५०० मिमीच्या आसपास पाऊस, बाजरी, बाभळी, मेंढरं, कोरडी ओढ्याची पात्रं. खरं वाळवंट वायव्य कोपऱ्यात, २२ अंशांच्या वर सरकवा (कागदाला वरून एक पट्टी जोडावी लागेल), आपल्याकडे थरचं वाळवंट आहे त्या बाजूला. तिथेही सगळी वाळू नको, निम्म्याहून जास्त भाग खडक आणि गोटे. सरोवर तिकडेच न्या, त्यातून एकही नदी बाहेर काढू नका, पाणी खारट ठेवा आणि काठाला मिठागरांचं एक गाव.