डेटा कंपनीकडून चोरीला गेला, तरी दोष आमच्या पासवर्डचा?

खडूस_सोलापूरकर
काल इथे एकाने लिहिलंय: "साइट हॅक झाली म्हणून गळा काढणाऱ्यांनी आधी स्वतःचे पासवर्ड बघावेत. दहा ठिकाणी एकच पासवर्ड ठेवायचा आणि वर कंपनीच्या नावाने बोंब मारायची." त्याला धडाधड लाइक पडलेत. डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

फोटोशॉपवाल्या अॅडोबी कंपनीचं घ्या. २०१३च्या ऑक्टोबरात आधी सांगितलं २९ लाख ग्राहक. महिना संपायच्या आत आकडा ३ कोटी ८० लाखांवर, आणि बाहेर फिरणाऱ्या फाइलीत १५ कोटींहून जास्त नोंदी. पासवर्ड हॅश केलेले, म्हणजे परत उलगडता येणार नाहीत अशा रूपात बदललेले, नव्हतेच. सगळे एकाच किल्लीने एन्क्रिप्ट केलेले (किल्ली मिळाली की सगळे उघडे), तेही असे की दोघांचा पासवर्ड एक असला तर फाइलीतली अक्षरंही तंतोतंत तीच. शेजारी पासवर्डची हिंट उघडी. तुम्ही हिंट कितीही जपून लिहा, तोच पासवर्ड असलेल्या दुसऱ्या कुणीतरी आपल्या हिंटमध्ये तो सरळ फोडून ठेवलेला. यात ग्राहकाने काय करायचं होतं?

लिंक्डइनवर २०१२ मध्ये ६५ लाख हॅश बाहेर आले, सॉल्ट न घातलेले, म्हणजे प्रत्येक पासवर्डला हॅश करण्याआधी वेगळी भेसळ न केलेले. खरा आकडा ११ कोटी ७० लाखांच्या घरात आहे हे कळायला २०१६ उजाडलं. आणि याहू! २०१४ मध्ये ५० कोटी खात्यांची माहिती गेली. त्यांच्याच सुरक्षा विभागाला त्याच डिसेंबरात पत्ता लागला होता. लोकांना सांगितलं सप्टेंबर २०१६ मध्ये. पावणेदोन वर्षं! तेवढ्या काळात ज्यांनी पासवर्ड बदलला नाही, त्यांना बेसावध म्हणायचं?

सिस्टिमवाला
ती काल लिहिणारी व्यक्ती मी नाही, पण बाजू त्यांचीच घेणार. नोकरीत सर्व्हर सांभाळतो. आमच्या साइटवर रात्री-अपरात्री लॉगिनचा मारा होतो, तो दुसरीकडून चोरलेल्या याद्या घेऊन. आमच्याकडून एक अक्षर गेलेलं नसतं, तरी खाती उघडतात, कारण पासवर्ड तोच. मग ग्राहक फोन करून आम्हालाच शिव्या घालतो.

अॅडोबीच्याच फाइलीत १९ लाखांवर लोकांचा पासवर्ड '१२३४५६' होता. फाइली ऑनलाइन ठेवायची सोय देणाऱ्या ड्रॉपबॉक्सचं प्रकरणही सुरू झालं ते एकाच माणसाने दोन ठिकाणी एकच पासवर्ड ठेवल्यामुळे.

खडूस_सोलापूरकर
तो माणूस कोण होता तेही सांगा ना. ड्रॉपबॉक्सचाच कर्मचारी! त्याच्या खात्यात ग्राहकांच्या ईमेलची यादी पडलेली होती. पुढे २०१६ मध्ये ६ कोटी ८० लाख खात्यांची माहिती बाहेर आली. तुमच्या धंद्यातला पगारी माणूस हे करतो आणि तुम्ही माझ्या सत्तर वर्षांच्या वडिलांना शहाणपण शिकवणार?

वैदेही_ठाणे
पासवर्ड निदान बदलता येतो. याहूच्या चोरीत सिक्युरिटी क्वेश्चनची उत्तरंही गेली, त्यातली काही एन्क्रिप्टसुद्धा केलेली नव्हती. "आईचं माहेरचं आडनाव काय?" हे मी कुठून बदलून आणू?

आणि आपल्याकडे ते गुपित असतं का? लग्नाचा बायोडेटा काढून बघा. जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण, शाळा-कॉलेज, खाली "मामाकुळ" म्हणून गावासकट आडनाव. माझ्या मावसबहिणीचा बायोडेटा तीन-चार वधू-वर ग्रुपवर फिरत होता. एका रात्री तिचं ईमेल कुणीतरी उघडलं. प्रश्न दोनच विचारले होते, आईचं आडनाव आणि जन्मगाव. दोन्ही उत्तरं त्या एका पानावर. तिचे फोटो त्या माणसाच्या हातात गेले. ठरत आलेलं स्थळ मोडलं. ईमेल कंपनीकडून उत्तर काय, तर "खात्यात योग्य उत्तरं देऊनच प्रवेश झाला आहे."

नाशिककर_७७
मग जन्मवेळ आणि मामाकुळ छापून ग्रुपवर टाकायचं कशाला? चूक घरच्यांची आहे. पत्रिका बघणंच बंद करा, अर्धे प्रश्न सुटतील.

वैदेही_ठाणे
पत्रिका बघावी की नाही यावर मी बोललेच नाही. स्थळं बघताना सोयरीक कुठली हे विचारतातच, तुमच्याही घरात विचारलं असेल. पिढ्यान्‌पिढ्या गावभर ठाऊक असलेली गोष्ट कंपनीने कुलपाची किल्ली म्हणून वापरली आणि चूक आमच्या मावशीची?

नाशिककर_७७
माझ्या मुलीचं लग्न बायोडेटा न फिरवता झालं. होतं तसंही.

वैदेही_ठाणे
झालं असेल, आनंद आहे. सगळ्यांच्या ओळखी तुमच्याइतक्या नसतात. जिचे फोटो गेले तिला येऊन हे तोंडावर सांगा.

अटलांटाकर
बायोडेटावरून भांडू नका, पैशाचं बघा. याहू विकत घेणाऱ्या व्हेरायझन या अमेरिकी टेलिफोन कंपनीने सौद्याच्या किमतीतून ३५ कोटी डॉलर कापून घेतले. अमेरिकेच्या सरकारी नियामकाने साडेतीन कोटी डॉलर दंड केला. ग्राहकांसाठी ११ कोटी ७५ लाख डॉलरची तडजोड झाली, पण ती अमेरिका आणि इस्राएलमधल्या खातेदारांपुरती. पुण्यातल्या माझ्या भावाचं खातं त्याच चोरीत गेलं, त्याला दमडी नाही.

खडूस_सोलापूरकर
आपल्या २०२३च्या डेटा कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे. पण तो जमा होणार सरकारच्या तिजोरीत. ज्याची माहिती गेली त्याला भरपाई मिळवून देणारं आयटी कायद्यातलं कलम ४३-अ होतं, तेच वगळायची तरतूद याच कायद्यात केली. यावर कुणी का पेटून उठत नाही?

सिस्टिमवाला
उशिरा सांगतात हा मुद्दा मान्य करावा लागेल. २०२२ पासून सहा तासांत कळवायचा नियम आहे, पण ते सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या सरकारी यंत्रणेला कळवायचं, त्यातून ग्राहकाला काही कळत नाही. याहूचा बचाव मी करणार नाही. पण '१२३४५६'चाही करणार नाही. आणि वैदेहीताई, त्या प्रश्नाला खरं उत्तर देऊच नका. काहीतरी असंबद्ध टाका आणि पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड साठवून ठेवणाऱ्या अॅपमध्ये ठेवा.

वैदेही_ठाणे
मी तेच करते. पण माझ्या आईला बँकेतून फोनवर हाच प्रश्न विचारतात. तिने माहेरचं आडनाव खोटं सांगायचं, हे तिला मी कोणत्या तोंडाने सांगू? तुम्ही लोक तो प्रश्नच का काढून टाकत नाही?