मदत हवी आहे: बोर्डात न्यूट्रल (परतीची वायर) नाही, झिगबी (बिनतारी) स्मार्ट स्विच मॉड्यूलवर एलईडी मंद पेटत राहतो

कोथरूड, जुनी सोसायटी, टूबीएचके. हब म्हणजे रास्पबेरी पाय ४ (छोटा कॉम्प्युटर) वर होम असिस्टंट (स्मार्ट घराचं सॉफ्टवेअर) आणि झिगबी डाँगल (सिग्नलची यूएसबी काडी). डाँगल १ मीटरच्या एक्स्टेन्शन केबलवर आहे (थेट यूएसबी ३ पोर्टात लावला की २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये गोंगाट होतो). वायफाय चॅनल १, झिगबी २५, म्हणजे दोन्ही एकमेकांपासून लांब. त्यामुळे रेंजची तक्रार नाही.

अडचण बेडरूमच्या बोर्डाची. तिथे नुसते फेज आणि स्विचवायर उतरवलेत. विनान्यूट्रल मॉड्यूल बसवलं, तर ५ वॅटचा दिवा बंद केल्यावरही काजव्यासारखा मिणमिणतो. कारण उघड आहे: मॉड्यूल स्वतःपुरता करंट दिव्यातूनच ओढतं. ९ वॅटचे दोन दिवे समांतर असलेल्या पॉइंटवर तेच मॉड्यूल बिनतक्रार चालतं.

आता प्रश्न:

बायपास कपॅसिटर (मॉड्यूलच्या करंटला दिव्याबाहेरून वाट देणारा) दिव्याला समांतर, होल्डरपाशीच लावायचा ना? फॉल्स सीलिंगमध्ये तो कितपत तापतो?

की शेजारच्या ६ अँपिअर सॉकेटच्या बोर्डातून न्यूट्रल ओढून साधं (न्यूट्रल लागणारं) मॉड्यूलच घालू? मला हेच पटतं, शिवाय ते झिगबी राउटरचंही (सिग्नल पुढे पोचवण्याचं) काम करेल. पण दिवे इन्व्हर्टरच्या फेजवर, सॉकेट थेट मेनवर. इन्व्हर्टरचा न्यूट्रल आरसीसीबीच्या (करंटची गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) अलीकडून घेतला असेल तर आरसीसीबी पडू शकतो. गुरुवारी लाइट गेल्यावर कळण्यापेक्षा आधीच तपासायचंय. डीबी (घराची वितरण पेटी) उघडून नेमकं कुठे बघू?

वायरमन म्हणतो, ‘चालतंय की.’ चालतंय, पण मिणमिणतंय.