ओले कपडे आणि कोकणची हवा

ओला टी-शर्ट सॅकला बांधून चालता चालता वाळवायचा, हा उपाय घाटावर उत्तम चालतो. पण कोकणात वेळास, केळशी, आंजर्ले असं किनाऱ्यानं चालणार असाल तर आधी कपड्यातलं मीठ काढा. समुद्राच्या पाण्यात भिजलेला कपडा दुपारी वाळल्यासारखा वाटतो आणि रात्री पुन्हा चिकट होतो, कारण आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढतं. कोकणात रात्री ती बहुतेक वेळा तेवढी असतेच. म्हणून मुक्कामी पोचल्या पोचल्या विहिरीच्या पाण्यातून दोनदा खळबळून काढा. मग कपडा कोरड्या पंच्यात गुंडाळायचा आणि दोघांनी दोन टोकं धरून करकचून पीळ द्यायचा. बरंचसं पाणी पंच्यात उतरतं. हे करून बघाच, खरंच फरक पडतो. दोरी अंगणात नको, दव पडतं. पडवीत, वारा आरपार जाईल अशी बांधा. जीन्स घरीच ठेवा. चुलीशेजारी सिंथेटिक कपडा टांगू नका, एक ठिणगी पुरते. मोजे ओलसर राहिलेच तर झोपताना पांघरुणात पोटाशी घ्या, अंगाच्या उबेनं सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात.