प्रतिसाद : मोजणीची वाट पाहू नका

महामार्गासाठी जमीन जाणार असलेल्या कुणी वर म्हटलंय, 'पेपरात भूसंपादनाची अधिसूचना आली, पण मोजणी होईपर्यंत थांबू.' कृपया थांबू नका! राष्ट्रीय महामार्ग कायद्यात कलम ३अ ची (जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी) अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला फक्त २१ दिवस मिळतात. पुढे कलम ३ड ची, म्हणजे संपादनाची, घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारची होते, मग भांडण उरतं ते पैशाचंच. सातबारावर वारलेल्या आजोबांचं नाव असेल तर वारसनोंद आजच करा, मोबदला तिथेच अडकतो. विहीर, झाडं, घर यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. दर कमी वाटला तर लवादाकडे जाता येतं. आणि दिलासा रक्कम (सक्तीने जमीन घेतल्याबद्दल मोबदल्यावर मिळणारी जादा रक्कम) मागाच. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तरसेम सिंग प्रकरणात तो हक्क मान्य केलाय.