मदत हवी आहे: गिटारच्या डिजिटल अँपसाठी पॉवर्ड स्पीकर, ८ इंची, १० की १२?

नमस्कार मंडळी,

मी मालवणची. आमचा पाच जणांचा ऑर्केस्ट्रा आहे. गणपती, शिमगा, हळदीचे कार्यक्रम आणि मोसमात तारकर्ली-देवबागची हॉटेलं, एवढा आमचा पसारा. गिटार मी वाजवते. दोन वर्षांपूर्वी जुना कॉम्बो अँप विकून लाईन सिक्सचा पॉड गो, म्हणजे पायाने चालवायचा डिजिटल अँप, घेतला. गिटार पाठीला, पॉड गो स्कूटरवर पायांपाशी, की निघाले. घरी हेडफोनवर बनवलेले टोन इतके सुरेख वाजतात की रात्रीचे बारा कधी वाजतात कळत नाही. अडतं ते स्टेजवर.

साऊंडवाले माझी केबल मिक्सरला जोडतात, समोर बसलेल्या लोकांना आवाज जातो. पण मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवर आमच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, गायकाशिवाय कोणाला जागा नसते. म्हणून गेल्या माघी गणपतीत मी मंडळाचा ट्रॉली स्पीकर मागून घेतला. त्याच्यावर ठळक अक्षरांत हजारो वॉट पीएमपीओ (जाहिरातीसाठी फुगवलेला वॉटचा आकडा). ढोलकी आणि ऑक्टोपॅड सुरू झाले आणि माझी गिटार गायब. वाढवली तर खालचे सूर घुमायला लागले, वरचे कानाला टोचायला लागले, मधलं काहीच नाही. दुसऱ्या गाण्यानंतर बेसवाला म्हणाला, "गो, तुजी गिटार ऐकाकच येना नाय, नुसती घोंगावता." पुढचा सोलो मी ऐकून नाही, बोटं बघून वाजवला. तसं मला पुन्हा वाजवायचं नाही.

थोडं वाचलं, त्यातून एवढं समजलं. गिटारचा नेहमीचा १२ इंची स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही, आणि त्याच आवाजाची आपल्या कानाला सवय आहे. पॉड गोमध्ये तो स्पीकर, त्याचं कॅबिनेट आणि त्याच्यासमोरचा माइक हे सगळं आधीच आत बसलेलं असतं. बाहेर पुन्हा गिटारचा स्पीकर लावला तर कॅबिनेटवर कॅबिनेट चढतं. म्हणजे हवा तो खालपासून वरपर्यंत सगळे सूर देणारा फुल रेंज स्पीकर, आपल्या पदरचं काही न मिसळणारा.

तीन पॉवर्ड (आतच अँप्लिफायर असलेले) स्पीकर डोक्यात आहेत: हेडरशचा ८ इंची एफआरएफआर-१०८, यामाहाचा १० इंची डीबीआर१० आणि फेंडरचा टोन मास्टर एफआर-१२. खरं सांगायचं तर मन फेंडरवर आहे. तो दिसतोच अँपसारखा, आणि बास, मिड, ट्रेबल, हाय कट (अगदी वरचे सूर कापणारा) सगळं बटणांवर. पण त्याचं कॅबिनेट लाकडाचं, आणि माझं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. जुन्या अँपच्या जाळीवर दुसऱ्याच पावसाळ्यात नारिंगी ठिपके आले. जॅकच्या नटावर हिरवट थर बसला होता. प्लग घातला की खरखर, थोडा फिरवला की बंद, अजून जरा फिरवला की पुन्हा सुरू.

तर विचारायचं हे. ढोलकी-ऑक्टोपॅडसमोर ८ इंची पुरेल का? खाऱ्या हवेत कोणाचा स्पीकर कसा टिकला? आणि मंडपात जनरेटरवर दिवे मंद होतात तेव्हा या स्पीकरांचं काय होतं? ऐकून बघायला इथे दुकान नाही, एकदाच मुंबईला जाऊन घ्यायचाय.

प्रतिसाद १

ताई, मी कुडाळचा, साऊंडचं काम करतो. आधी वॉट डोक्यातून काढा. पीएमपीओला तर काही अर्थच नाही, आणि चांगल्या कंपन्याही मोठ्या अक्षरांत छापतात तो आकडा क्षणभराचा, पीक. डीबीआर१० वर ७०० लिहिलेलं असतं, सलग मिळतात ३२५. हेडरशवर २०००. पण ७०० आणि २००० मधला फरक डेसिबलमध्ये जेमतेम साडेचार. दुप्पट मोठा ऐकू यायला साधारण १० डेसिबल लागतात. त्यापेक्षा स्पीकर कुठे ठेवता त्याने जास्त फरक पडतो. जमिनीवर ठेवला की बास फुगतो, कोपऱ्यात सरकवला की आणखी. तुमचा ट्रॉली कुठे होता?

८ इंची कानाजवळ, स्टँडवर असेल तर चालेल. उघड्या मंडपात ढोलकीशेजारी मी १० च्या खाली जाणार नाही. डीबीआर१० साडेदहा किलोचा, स्कूटरवर मागे बांधता येईल. आडवा ठेवला तर मॉनिटरसारखा कलतो, बॉडी प्लास्टिकची. त्याच्या मागे डी-काँटूर नावाचं बटण आहे, ते गिटारसाठी बंद ठेवा, नाहीतर तो आवाजाला स्वतःचा रंग देतो.

वीज: स्पीकरच्या मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असेल तर व्होल्टेज पडलं तरी तो तग धरतो. फक्त २२०-२४० असेल तर स्टॅबिलायझर जोडा. दुकानात हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रतिसाद २

रत्नागिरीहून. स्पीकर घ्याच, पण हेडफोनवरचे टोन जसेच्या तसे त्यावर वाजवू नका, नाहीतर नवीन स्पीकरही घोंगावेल. आवाज लहान असताना आपला कान खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. घरी हळू आवाजात ती कसर भरून काढायला आपण बास आणि ट्रेबल वाढवतो. स्टेजवर आवाज मोठा झाला की कान ते सगळं ऐकायला लागतो, आणि वाढवलेलं अंगावर येतं. जाड सहावी तार ८२ हर्ट्झवर आहे, तिच्या खाली गिटारचं काही नाही, नुसता घुमारा. लो कट (त्याखालचे सूर कापणारा) ८० ते १०० वर आणा, हाय कट ६००० च्या आसपास, आणि हे स्टेजएवढ्या आवाजात करा. शेजाऱ्यांना सांगून दुपारी अर्धा तास मागून घ्या.

खाऱ्या हवेचं: किनाऱ्यावरून आलात की गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने जाळी आणि जॅक पुसा, लगेच कोरडं करा. प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून ठेवू नका, ओल आतच कोंडते. पावसाळ्यात कार्यक्रम नसले तरी आठवड्यातून एकदा तासभर वाजवा. आतल्या उबेने दमट हवा निघून जाते.

मूळ लेखिका

दोघांचे मनापासून आभार. ट्रॉली जमिनीवरच होता, आणि तोही मागच्या पडद्याला टेकवून!

काल करून बघितलं. आमच्या वाडीतल्या भजन मंडळाकडे डबलबारीसाठी आणलेला १० इंची पॉवर्ड स्पीकर आहे. बुवांकडून दुपारपुरता मागितला आणि समाजमंदिरात ढोलकीवाल्याला बसवलं. पहिल्यांदा घरचा टोन जसाच्या तसा लावला: तीच घोंगावणी. मग लो कट १०० वर, हाय कट ६५०० वर, गेन थोडा उतरवला, मिड वाढवला आणि स्पीकर दोन खुर्च्यांवर चढवला. एकट्याने ऐकताना तो टोन मला पातळ वाटला, चक्क आवडला नाही. ढोलकी सुरू झाली आणि एकेक तार वेगळी ऐकू यायला लागली. ढोलकीवाल्याने न सांगता हात हलका केला, कारण त्यालाही मी ऐकू येत होते. अजून एक सापडलं: स्पीकरच्या मागचं बटण माइकवर होतं, ते लाईनवर आणल्यावर फाटका आवाज गेला.

त्यामुळे फेंडरचा मोह सोडला, डीबीआर१० घेते. माझे कार्यक्रम नसतील तेव्हा बुवांनाही देता येईल, ते लाकडी अँपसारख्या स्पीकरने झालं नसतं. पुढच्या शनिवारी कोकणकन्येने मुंबईला जाते, पॉड गो सोबत नेणार. दुकानात त्यांच्या गिटार-अँपवर नाही, माझ्याच टोनवर ऐकेन.

कव्हर इथल्या ताडपत्रीवाल्याकडून शिवून घ्यायचंय, मागे हवेला जाळी ठेवून. कोणाकडे डीबीआर१० असेल तर हँडल वरच्या कडेपासून किती खाली येतं तेवढं मोजून सांगाल का? तो माप मागतोय.